घोरणाऱ्या पोराच्या रक्तवाहिन्या

"बापावर गेलंय पोरगं. तो बी असाच घोरायचा." विटा, खानापूर, आटपाडी या भागात नातवाचं घोरणं आजी अशा कौतुकानं सांगते. दिवसभर उंडारून पोर दमलं, जेवलं, पडल्या पडल्या झोपलं आणि घोरायला लागलं, म्हणजे झोप गाढ लागली, असा हिशेब. इथल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष गलाईच्या, म्हणजे सोन्याचांदीच्या शुद्धीकरणाच्या धंद्यासाठी तमिळनाडूत, केरळात, बिहारमध्ये नाहीतर आसामात असतो. काही जण बायकामुलांना बरोबर नेतात, काहींची मुलं गावी आजीजवळ वाढतात. त्यामुळे मुलाचा रात्रीचा श्वास सगळ्यात जवळून ऐकणारं माणूस बऱ्याचदा आजीच असते. डॉक्टरांपुढं सकाळी अकरा वाजता बसवलेलं मूल अगदी व्यवस्थित श्वास घेत असतं. रात्री दोन वाजता काय होतं, ते सांगू शकते ती आजी. तिची साक्ष सोळा आणे खरी. तिनं काढलेला निष्कर्ष तेवढा उलटा.

सर्दीपडशात चार दिवस घोरणं वेगळं. पण मूल आठवड्यातल्या तीन-चार किंवा त्याहून जास्त रात्री, सर्दी नसतानाही घोरत असेल, तर त्याला श्वास आत ओढायला कष्ट पडत आहेत, असा त्याचा अर्थ. शंभरातली साधारण दहा मुलं अशी नियमित घोरतात. त्यातल्या सगळ्यांनाच आजार नसतो. शंभरात एक ते पाच मुलांचा श्वास मात्र झोपेत खरोखर अडतो, थांबतो आणि परत सुरू होतो. याला डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दोन ते आठ वर्षं हे त्याचं खास वय.

हे वय का, ते घशाच्या रचनेत आहे. नाकाच्या मागच्या टोकापासून स्वरयंत्रापर्यंतची घशाची वाट सगळीकडून मऊ स्नायूंची आहे. खालच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी असतात, या वरच्या वाटेला तसा आधार नाही. कागदी स्ट्रॉनं घट्ट लस्सी जोरात ओढली की स्ट्रॉ चपटी होते, तसंच इथं होतं: वाट जितकी अरुंद, तितका ओढण्याचा जोर जास्त आणि तितकीच ती आतल्या आत मिटण्याची भीती. जागेपणी स्नायू ताठ राहून ती उघडी ठेवतात. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, ते सैल पडतात. त्यात घशाच्या दोन्ही बाजूंचे टॉन्सिल आणि नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ या वयात घशाच्या मानानं सगळ्यात मोठ्या असतात. वाट अगोदरच चिंचोळी, त्यात या गाठी. मग मूल तोंड उघडं टाकून झोपतं, मान मागं टाकून झोपतं, घामानं उशी भिजवतं, रात्रभर अंथरुणात फिरतं. छाती आत खेचली जाते आणि पोट वर येतं. घोरता घोरता आवाज एकदम बंद पडतो. काही क्षणांनी हिसका बसतो, घुसमटल्यासारखा आवाज येतो आणि घोरणं परत सुरू होतं. आजीला या मधल्या शांततेबद्दल मुद्दाम विचारावं लागतं. घोरणं कानावर येतं, थांबणं लक्षात राहत नाही.

मुलांचं मोजमाप मोठ्यांपेक्षा कडक असतं. मोठ्या माणसात दहा सेकंद श्वास थांबला तर तो एक अडथळा मोजतात आणि तासाला असे पाच अडथळे आले की आजार धरतात. मुलांमध्ये दोन श्वासांइतका वेळ थांबला तरी अडथळा, आणि तासाला एकाहून जास्त झाले तरी ते चुकीचंच. दुसरा फरक लक्षणांत आहे. झोपेत श्वास अडणारा बाप दुपारी गिऱ्हाइकासमोर पेंगतो. मूल पेंगेलच असं नाही. ते चिडचिडं होतं, एका जागी बसत नाही, वर्गात लक्ष देत नाही, कधी कधी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. अशा मुलाला घरात 'वांड' आणि शाळेत 'ढ' ठरवायला वेळ लागत नाही.

हे निरीक्षण फार जुनं आहे. १८८९ साली विल्यम हिल नावाच्या इंग्लिश डॉक्टरानं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या मंदपणाच्या कारणांवर लेख लिहिला आणि त्यात रात्री घोरणाऱ्या, तोंडानं श्वास घेणाऱ्या, सकाळी डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलांकडे बोट दाखवलं. आपल्याकडे त्याच्याही कितीतरी आधी लठ्ठपणा आणि झोप यांची सांगड घातली गेली होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला २१ वा अध्याय अतिस्थूल माणसाबद्दल बोलता बोलता झोपेच्या विवेचनावर येतो. (म्हणून चरकाला स्लीप अ‍ॅप्निया ठाऊक होता, असं म्हणायची गरज नाही. मोठेपण द्यायला माणसाचं निरीक्षण पुरेसं असतं.) आधुनिक अर्थानं हा आजार मुलांमध्ये नोंदवला गेला तो १९७६ साली. अमेरिकेत स्टॅनफर्ड इथं ख्रिश्चन गिल्मिनो आणि सहकाऱ्यांनी ५ ते १४ वर्षांच्या आठ मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. मोठ्यानं आणि थांबत थांबत घोरणं, शाळेत घसरण, वागण्यात बदल, अंथरूण ओलं करणं, सकाळची डोकेदुखी, वजनातली गडबड अशी त्यांची यादी होती. आणि तिच्या शेवटी एक लक्षण होतं जे लहान मुलांच्या पत्रकात सहसा नसतं: वाढत जाणारा रक्तदाब. म्हणजे रक्तवाहिन्यांचा विषय पहिल्याच लेखात होता. त्याच्याकडे नीट लक्ष जायला मात्र पुढची दोन-तीन दशकं गेली.

इथं विट्यातल्या माणसाला पुढची गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल. गलाईच्या दुकानात सोन्यातली चांदी वेगळी काढायला नायट्रिक अ‍ॅसिड वापरतात. चांदी विरघळते, सोनं तसंच राहतं, आणि भांड्यातून तांबूस धूर निघतो. तो धूर छातीत गेला की काय होतं हे गलाईवाल्याला सांगायला नको. त्या रसायनक्रियेत निघणारा एक वायू म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. मुळात त्याला रंग नसतो. हवेतला प्राणवायू लागला की त्याचा तांबूस, विषारी नायट्रोजन डायऑक्साइड बनतो. हाच नायट्रिक ऑक्साइड आपल्या प्रत्येक रक्तवाहिनीचं आतलं अस्तर रात्रंदिवस तयार करत असतं, अर्थात अगदी सूक्ष्म प्रमाणात. तो काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सैल व्हायला सांगतो आणि रक्तवाहिनी रुंदावते. रक्ताच्या चिकट पेशी अस्तराला धरू नयेत, हेही तोच पाहतो. हा शोध इतका अनपेक्षित होता की रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना त्यासाठी १९९८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. घरातल्या हृदयरोग्याची छाती दुखली की जिभेखाली ठेवायची गोळीही शरीरात हाच वायू सोडते. खुद्द आल्फ्रेड नोबेलला डॉक्टरांनी शेवटच्या काळात नायट्रोग्लिसरीन घ्यायला सांगितलं होतं. ज्या रसायनाचे सुरुंग उडवून हा माणूस श्रीमंत झाला, तेच आता त्याच्या हृदयासाठी लिहून दिलं होतं.

एकाच पेशीच्या जाडीचं हे अस्तर आणि रात्री अडणारा श्वास यांची गाठ अशी पडते. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो. मेंदू घाबरतो, मुलाला झोपेतून जरासं वर काढतो, घशाचे स्नायू ताठ होतात, वाट उघडते आणि प्राणवायू झटक्यात परत वर जातो. याच वेळी शरीर संकटातल्यासारखं वागतं: नाडी वेगानं चालते, रक्तवाहिन्या आकसतात, दाब उसळी घेतो. एका रात्रीत हे कितीतरी वेळा. प्राणवायू सतत कमी असणं एक वेळ शरीर सोसतं, उंच डोंगरावरचे लोक सोसतातच. पण खाली-वर, खाली-वर अशा हेलकाव्यांनी पेशींमध्ये घातक ऑक्सिजन-कण तयार होतात, ते नायट्रिक ऑक्साइडला वापरायच्या आतच संपवून टाकतात, आणि अंगात हळूहळू धुमसणारा दाह सुरू होतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा खाली येतो. रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. श्वास अडणाऱ्या मुलात हा उतार कमी होतो.

हे मुलांमध्ये मोजायचं कसं? पद्धत साधी आहे. मनगटाजवळची रक्तवाहिनी थोडा वेळ दाबून धरायची आणि सोडायची. अस्तर तल्लख असेल तर हाताकडे रक्ताचा लोंढा लगेच येतो. ते मरगळलेलं असेल तर उशीर लागतो. त्वचेवर लावलेल्या लेसरच्या यंत्रानं हा उशीर मोजता येतो. डेव्हिड गोझाल आणि लैला खैरंदिश-गोझाल यांनी २००७ साली 'सर्क्युलेशन' या नियतकालिकात असा अभ्यास मांडला. मुलं शाळकरी होती, लठ्ठ नव्हती, रक्तदाबही ठीक होता. तरीही श्वास अडणाऱ्या मुलांमध्ये हा उशीर दिसला. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड काढल्यावर काही महिन्यांनी परत तपासलं तेव्हा बहुतेकांचं अस्तर सुधारलं होतं. सुधारलं नाही ते थोड्या मुलांचं, आणि त्या मुलांच्या घरात हृदयविकाराचा ठळक इतिहास होता. माझ्या मते या सगळ्या अभ्यासातली आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची ओळ ही शेवटची. ज्या समाजात चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला झटका आला याचं कुणाला नवल वाटेनासं झालंय, तिथं हा 'थोड्यांचा' गट छोटा असेल असं समजायचं कारण नाही.

या दुव्याला ताणू नये, हेही इथंच सांगायला हवं. लहानपणी श्वास अडत होता म्हणून मोठेपणी हृदयविकार झालाच, असं सरळ दाखवून देणारा पुरावा अजून नाही. त्यासाठी मुलांना पन्नास वर्षं पाहावं लागेल. पण धमन्यांचा आजार म्हातारपणी एकदम उगवत नाही, एवढं पक्कं माहीत आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. ३०० जण, सरासरी वय २२, आणि त्यातल्या तीन-चतुर्थांशांहून जास्त जणांच्या हृदयाच्या धमन्यांत बिघाडाच्या खुणा. पुढं लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावच्या मुलांचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात अपघातात वगैरे दगावलेल्या मुलांच्या आणि तरुणांच्या धमन्या पाहता आल्या; वजन, रक्तदाब, चरबी जितकी जास्त, तितके धमन्यांतले चरबीचे पट्टे जास्त. सुरुवात बालपणातच असते.

आता लठ्ठपणा. जाड मुलात घशाच्या भिंतींत, जिभेत चरबी साठून वाट आतून अरुंद होते, मानेवरचा भार बाहेरून दाबतो, पोट छातीला वर ढकलतं आणि उताणं झोपल्यावर फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही. टॉन्सिल फार मोठे नसले तरी श्वास अडतो. आणि चरबी स्वतःही दाह निर्माण करणारी रसायनं रक्तात सोडते, म्हणजे त्याच अस्तरावर दुसऱ्या बाजूनं मारा. लठ्ठपणा आणि श्वास अडणं या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असतील, तर अस्तराची अवस्था एकेकट्यापेक्षा वाईट दिसते. वर झोपमोड झालेल्या मुलाची भूक वाढते: भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, आणि दमलेलं मूल मैदानाऐवजी मोबाइल धरून बसतं. वजन वाढतं, श्वास आणखी अडतो.

पण 'आपल्याकडे कुठं एवढी जाडी मुलं आहेत' हा प्रश्न विट्यात कुणीही विचारेल, आणि तो रास्त आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती, आणि वजन जास्त असलेली फक्त ४.१ टक्के. आदल्या पाहणीत हाच आकडा १.९ होता, म्हणजे चार-पाच वर्षांत दुप्पट, हे खरं. तरी आकडा लहानच. खानापूर तालुका तर दुष्काळी पट्ट्यातला. चारा छावण्या पाहिलेल्या माणसाला बाळाच्या अंगावरचा मांसलपणा हे ऐश्वर्य वाटतं. गुटगुटीत बालक स्पर्धा आपल्याकडे उगाच होत नव्हत्या.

या प्रश्नाचं उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी दिलं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून या गावांतल्या बायकांची गरोदरपणाच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या साउथॅम्पटनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं सरासरी २.७ किलोची भरली, तिकडची साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतीत लहान असतील असं वाटलं होतं. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, डोकं लहान होतं; त्वचेखालची चरबी मात्र जवळपास राखलेली होती. बारीक, तरी चरबीदार. पुढं दिसलं की ज्या आयांच्या रक्तात जीवनसत्त्व बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला विरोध ही दोन्ही अधिक होती. २००४ साली याज्ञिकांनी लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला. दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिनच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. शर्टाच्या आत काय आहे ते वजनकाटा सांगत नाही, हे सिद्ध करायला एका शास्त्रज्ञानं स्वतःचंच पोट पुढं केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ च्या वाढीच्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खाली, म्हणजे प्रौढांच्या २३ निर्देशांकाशी जुळेल अशी ओढली, आणि लठ्ठपणाची २७ शी. आपल्या मुलाला 'थोडं भरलंय' म्हणायच्या टप्प्यावरच शरीरातला हिशेब बिघडू लागलेला असू शकतो. घरच्या घरी पाहायचं तर सुती दोरा घ्यावा, मुलाच्या उंचीइतका कापावा आणि दुमडून अर्धा करावा. तो कमरेभोवती पुरला नाही, तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. ज्या घरात मुलाच्या कमरेला करदोटा असतो, तिथं तर माहिती आपोआप मिळते. वर्षात दोनदा करदोटा बदलावा लागला तर उंचीही तशीच वाढली का, ते बघावं.

मोठ्यांचीही एक पाहणी इथं आठवते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया यांनी २००४ साली ३५ ते ६५ वयाच्या मुंबईकर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपेत श्वास अडणं अधिक दिवसा पेंगणं, असं दोन्ही असलेले त्यात ७.५ टक्के निघाले. वजन, मानेचा घेर, मधुमेह यांची सांगड त्यातही होती. 'बापावर गेलंय' हे वाक्य म्हणून अगदीच खोटं नाही. जबड्याची ठेवण, घशाची रुंदी आणि घरातलं ताट हे बापाकडून मुलाकडे जातंच. त्यामुळे घोरणाऱ्या मुलाबरोबर घोरणाऱ्या बापालाही तपासून घेतलं तर एका एसटीच्या भाड्यात दोघांचं काम होईल.

लठ्ठपणावर इतकं बोलल्यावर एक गैरसमज व्हायची भीती आहे, म्हणून सांगतो. श्वास अडणारी कितीतरी मुलं किडकिडीत असतात. वाढीचं संप्रेरक मुख्यतः गाढ झोपेत स्रवतं. तीच झोप मोडते. श्वास घेण्याच्या कष्टात ताकद खर्च होते, नाक बंद म्हणून जेवताना दम लागतो, मूल घास तोंडात घोळवत बसतं. घरचे टॉनिकच्या बाटल्या आणतात आणि दोष असतो घशात. अशांच्या गाठी काढल्या की मूल झपाट्यानं वाढतं. १९९८ साली गोझाल यांनी अमेरिकेत पहिलीतल्या अभ्यासात सगळ्यात मागं असलेल्या २९७ मुलांची झोप तपासली. ५४ मुलांमध्ये रात्री श्वासाचा त्रास आढळला. त्यातल्या २४ जणांच्या पालकांनी गाठी काढून घेतल्या. पुढच्या वर्षी या मुलांचे गुण वाढले, न काढलेल्यांचे जिथल्या तिथं राहिले. पुढं मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा चित्र इतकं सरळ राहिलं नाही. २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या चाचणीत ५ ते ९ वर्षांची ४६४ मुलं होती. अर्ध्यांचं ऑपरेशन लगेच, अर्ध्यांना नुसतं निरीक्षणाखाली. सात महिन्यांनी ऑपरेशन झालेल्या ७९ टक्के मुलांची झोप-तपासणी ठीक आली. पण काहीच न केलेल्यांतही ४६ टक्के आपोआप ठीक झाली. वागणं आणि झोप ऑपरेशननं जास्त सुधारली, लक्ष देण्याच्या कसोट्यांत मात्र फरक निघाला नाही. २०२३ साली सौम्य त्रासाच्या मुलांवरही अशीच चाचणी झाली. एकाग्रतेत पुन्हा फरक नाही, पण वर्षभरानं ऑपरेशन झालेल्यांचा रक्तदाब थोडा बरा होता.

याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की प्रत्येक घोरणाऱ्या पोराला टेबलावर घ्यायचं नाही, आणि प्रत्येकाला 'मोठं झालं की जाईल' म्हणून सोडायचंही नाही. सौम्य त्रास असेल तर नाकात मारायचा स्टिरॉइडचा फवारा काही आठवडे देऊन पाहतात. अ‍ॅलर्जीनं फुगलेल्या अ‍ॅडेनॉइडवर तो बरा चालतो. यंत्रमागाच्या शेडला लागून घर असेल, तर सुताची तूस नाकाला छळतेच. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर तेही थांबायला हवं. शाळकरी मुलाला रात्री नऊ ते बारा तास झोप लागते. ती मिळत नाही हे सरकारच्याही लक्षात आलं आणि २०२४ मध्ये राज्यातल्या चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश निघाला. रात्री साडेअकरापर्यंत मालिका चालू असलेल्या घरात अर्थात त्याचा फायदा कोंबड्यालाच.

खाण्याच्या बाबतीत उपदेशाची यादी देत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्याची आमटी, भुईमूग, आणि पोल्ट्रीच्या या पट्ट्यात सहज मिळणारं अंडं, एवढं ज्या तालुक्यात आहे, तिथं मुलाची भूक पाच रुपयांच्या पाकिटावर आणि चहाबरोबरच्या खारी-बटरवर भागावी, याचं कारण गरिबी नाही. शेतातून दमून आलेल्या आईला पाकीट फोडणं सोपं पडतं, आणि दूरवर असलेल्या बापाला सुट्टीवर आल्यावर लाड करायला तेच हाताशी असतं. यात मुलाला 'ढोल्या' म्हणून चिडवल्यानं काही बदलत नाही, उलट ते लपून खातं.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्यात उपयोगी पुरावा म्हणजे मोबाइलवरचं चित्रीकरण. मूल झोपून दोन-तीन तास झाल्यावर आणि पुन्हा पहाटे, सदरा वर करून छाती-पोट दिसेल असं, आवाजासकट काही मिनिटं. पहाटे स्वप्नांची झोप जास्त, म्हणून त्रासही जास्त दिसतो. विट्यातला बालरोगतज्ज्ञ किंवा कान-नाक-घशाचा डॉक्टर घसा पाहून, मानेचा आडवा एक्स-रे काढून बरंच सांगू शकतो. रात्रभराची सगळी यंत्रं लावून केलेली तपासणी लागली, तर मोठ्या शहराची वाट धरावी लागते. मिरज हे दवाखान्यांचं जुनं गाव, पण मुलांच्या झोपेच्या तपासणीसाठी पुण्या-मुंबईपर्यंत जायची वेळही येते. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकालाही सांगता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्यात कान, दात, हृदय, डोळे सगळं पाहतात. घोरण्याचा रकाना त्यात नाही. रकाना नसला तरी विचारलेल्या प्रश्नाला डॉक्टर उत्तर देतोच.

रक्तदाबही सांगून मोजून घ्यावा. तीन वर्षांनंतर मुलाचा दाब वर्षातून एकदा तपासायला हवा आणि लठ्ठ मुलाचा दर भेटीत. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. जाड दंडाला छोटा पट्टा गुंडाळला की आकडा खोटा वर जातो, आणि बारीक दंडाला मोठ्या माणसाचा पट्टा लावला की खोटा खाली. मुलाचा आकडा मोठ्यांच्या १२०/८० शी ताडून चालत नाही, तेरा वर्षांखाली तो वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून तक्त्यातच पाहावा लागतो.

गाठी काढून आणल्यावर पालक सुटकेचा श्वास सोडतात. किडकिडीत मुलाच्या बाबतीत बहुतेकदा तो योग्यच असतो. जाड मुलाच्या बाबतीत नाही. २०१० साली अमेरिका आणि युरोपातल्या ५७८ मुलांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा तासाला एकाहून कमी अडथळे या कडक मापानं पूर्ण बरी झालेली मुलं फक्त २७ टक्के भरली. त्रास बहुतेकांचा कमी झाला, संपला थोड्यांचा. आणि उरलेल्यांत लठ्ठ मुलं, दम्याची मुलं, सात वर्षांवरची मुलं ठळक होती. त्यातून ऑपरेशननंतर भूक सुधारते आणि वजन आणखी वाढतं. काही महिने शांत गेलेलं घोरणं मग हळूच परत येतं, आणि 'गाठी तर काढल्यात' म्हणून कुणी लक्ष देत नाही. त्यामुळे अशा मुलाला दोनेक महिन्यांनी पुन्हा दाखवावं, झोपेची तपासणी शक्य असेल तर ती परत करावी. तरीही श्वास अडत असेल तर रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं यंत्र असतं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये जगापुढं आणलं, मुलांच्या मापाचे मास्क आता मिळतात. सुरुवातीचे काही आठवडे मूल तो ओढून काढतं. दिवसा खेळताना, टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावून सवय केली, तर रात्री टिकतो.